लाल गोळीचा इतिहास



बाई गरोदर राहिली की आशाताई लाल गोळ्यांची पाकिटं देतात. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. रंग वेगळे, पण दोन्हींत औषधं तीच. एक लोह आणि दुसरं फॉलिक अ‍ॅसिड. लोह म्हणजे लोखंड, हे आपल्याला माहीत असतं. फॉलिक अ‍ॅसिडबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. या औषधाच्या शोधाची सुरुवात मुंबईत, परळ भागात झाली. अंगात रक्त उरलेलं नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या मुंबईच्या गरीब गरोदर बायकांमुळं तो शोध लागला. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी रक्त आपल्या अंगात काम काय करतं, ते पाहू.

आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन फुप्फुसात जातो. त्याची गरज मात्र सगळ्या अंगाला असते. खुरपणाऱ्या हाताला, चढ चढणाऱ्या पोटरीला, डोक्याला, पोटातल्या बाळाला. चुलीला हवा मिळाली नाही तर सरपण नुसतं धुमसतं, त्याची धग लागत नाही. तसंच अंगाचं आहे. खाल्लेल्या भाकरीची ताकद व्हायची तर जागोजागी ऑक्सिजन पोचावा लागतो. तो वाहून नेण्याचं काम रक्ताचं.

हे कळायला माणसाला फार काळ लागला. रक्त अंगात रोज नवं तयार होतं आणि तिथंच जिरून जातं, असं युरोपातले वैद्य शेकडो वर्षं मानत आले. १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं दाखवून दिलं की हृदय पंपासारखं रक्त पुढं ढकलतं आणि तेच रक्त फिरून माघारी येतं. १६६९ मध्ये रिचर्ड लोअर या दुसऱ्या इंग्रजानं दाखवलं की काळपट रक्त फुप्फुसातून गेलं की लालभडक होतं, आणि ते हवेमुळं होतं. त्याच सुमारास, १६७४ साली, हॉलंडमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं स्वतः घासून केलेल्या भिंगातून रक्तातल्या बारीक तांबड्या पेशी पाहिल्या. कापडाचे धागे पारखायला त्या धंद्यात भिंग वापरत. पुढं १८६४ साली होप-सायलर या जर्मन शास्त्रज्ञानं त्या पेशींतल्या तांबड्या द्रव्याला नाव दिलं, हिमोग्लोबिन. दवाखान्यात ज्याला ‘एचबी’ म्हणतात ते हेच.

हिमोग्लोबिन काम कसं करतं, हे समजायला आपल्या जालन्याचंच उदाहरण घेऊ. एमआयडीसीत भंगार वितळवून सळया करतात. ते भंगार पावसात पडून राहिलं की तांबडं होतं, गंजतं. गंजणं म्हणजे लोखंडानं ऑक्सिजन धरून ठेवणं. हिमोग्लोबिनमध्येही ऑक्सिजन धरतं ते लोखंडच. फरक पकडीचा आहे. गंजलेलं लोखंड ऑक्सिजन सोडत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोखंड त्याला फुप्फुसात धरतं, गरज असेल तिथं सोडतं आणि पुढच्या खेपेसाठी मोकळं होऊन परत येतं. धडधाकट माणसाच्या अंगात सगळं मिळून लोखंड असतं ३ ते ४ ग्रॅम, बाईच्या अंगात त्याहून थोडं कमी. त्यातलं बहुतेक या वाहतुकीतच गुंतलेलं असतं. पाळीत ते दर महिन्याला जातं. आणि एका गरोदरपणाला, बाळंतपण धरून, जवळपास १ ग्रॅम लोखंड लागतं. इतकं लोखंड नऊ महिन्यांत नुसत्या जेवणातून भरून निघणं अवघड असतं.

आता एचबीचा आकडा म्हणजे काय ते पाहू. एचबी १२ म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलीटर ऑक्सिजन वाहून नेतं. म्हणजे एचबी १२ असलेल्या बाईच्या १०० मिलिलीटर रक्तातून १६ मिलिलीटर ऑक्सिजन जातो. एचबी ७ असेल तर जेमतेम साडेनऊ. काम तेवढंच, पाणी आणायचं तेवढंच, कापूस वेचायचा तेवढाच, आणि ऑक्सिजन मात्र निम्म्याच्या थोडा वर. मग हृदय जोरात पळून खेपा वाढवतं. म्हणून छातीत धडधडतं, चालताना दम लागतो, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, हातपाय गळून जातात. अशा बाईला लोक आळशी म्हणतात, अंगचोर म्हणतात. तिच्या रक्ताची तपासणी होत नाही तोवर खरं कारण कळत नाही.

आता मुंबईत जाऊ. काळ १९२८ चा. आपलं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आपल्याकडच्या काळ्या रानांत बायका कापूस वेचत होत्या आणि मुंबईच्या गिरण्यांत बायका रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत सूत गुंडाळत होत्या. कोकणातून, घाटावरून आलेली ही कुटुंबं परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत दाटीनं राहत. त्या वेळच्या कायद्यानं गिरणीत दिवसाला ११ तासांपर्यंत काम घेता येत असे. बायका दिवस भरत येईपर्यंत कामावर जात, आणि बाळंतपणानंतर लवकरच पुन्हा उभ्या राहत, कारण खाडे झाले की पगार जायचा.

याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेचं बिल आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणात रजा आणि पैसे द्यायचे, असा हा देशातला पहिला कायदा.

सभागृहात रजेची चर्चा चालू होती, तेव्हा दवाखान्यांत डॉक्टर दुसऱ्याच कोड्यात पडले होते. गरोदर बायका येत त्या पांढऱ्याफटक पडलेल्या. काही जणी इतक्या खंगलेल्या असत की बाळंतपण झेपत नसे. आई दगावायची, कधी बाळ, कधी दोघंही. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की विचित्र चित्र दिसायचं. नेहमीच्या रक्तक्षयात, लोह कमी पडतं तेव्हा, तांबड्या पेशी लहान आणि फिक्या दिसतात. इथं त्या मोठ्या होत्या, फुगल्यासारख्या, पण संख्येनं फार थोड्या. कुणी म्हणे हा जंतूचा आजार, कुणी म्हणे गर्भारपणामुळं अंगात विष तयार होतं. खात्रीचं उत्तर कुणापाशी नव्हतं.

डॉ. मार्गारेट बाल्फोर या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी हिंदुस्थानात बायकांच्या दवाखान्यांचं काम अनेक वर्षं केलं होतं. बाळंतपणात बायका का मरतात, याची चौकशी त्या काळी सुरू झाली होती. त्या कामासाठी त्यांनी इंग्लंडहून डॉ. ल्यूसी विल्स यांना बोलावून घेतलं. विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजला त्या वनस्पतीशास्त्र शिकल्या, परीक्षा दिल्या, पण पदवी मिळाली नाही, कारण तिथं तेव्हा बाईला पदवीच देत नसत. ती द्यायला केंब्रिजनं १९४८ साल उजाडू दिलं. पुढं त्या लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागल्या.

विल्स यांनी नुसतं प्रयोगशाळेत बसून रक्त तपासलं नाही. तळपदे या आपल्या सहकाऱ्यासोबत त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या राहणीची पाहणी केली. घर कसलं, स्वच्छता कशी, आणि मुख्य म्हणजे जेवणात काय काय असतं. ही पाहणी १९३० साली छापून आली. त्यातून दिसलं ते असं, की ज्यांचं जेवण सगळ्यांत निकस, त्यांच्यातच हा आजार सगळ्यांत जास्त. मुंबईत तेव्हा गरीब मुसलमान बायकांची अवस्था या बाबतीत सर्वांत वाईट होती. बऱ्या स्थितीतल्या घरांत, जिथं खाणं चौरस होतं, तिथं आजार कमी होता. म्हणजे दोष बाईच्या गर्भारपणात नव्हता, दोष तिच्या ताटात होता. ताटात काहीतरी कमी पडत होतं. ते काय, हे शोधायचं होतं.

आधी त्यांनी अ आणि क जीवनसत्त्वं देऊन पाहिली. फरक पडला नाही. मग उंदरांना तसाच निकस आहार देऊन पाहिला. उंदरांचं रक्त कमी झालं, तेव्हा वाटलं की उत्तर जवळ आलं. पण पुढं कळलं की त्या उंदरांना उवा झाल्या होत्या, आणि उवांमधून पसरलेल्या जंतूमुळंही त्यांचं रक्त घटत होतं. मग माकडांवर प्रयोग झाले. विज्ञानाची वाट अशीच असते. एक दार बंद झालं की दुसरं ठोठवायचं.

त्याच सुमारास अमेरिकेत एक शोध गाजत होता. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं होतं की एका जीवघेण्या रक्तक्षयात रोज भरपूर कलेजी, म्हणजे जनावराचं यकृत, खाऊ घातलं की रोगी बरा होतो. विल्स यांनी मुंबईच्या रुग्णांना कलेजीचा अर्क दिला आणि गुण आला. मात्र तोच अर्क शुद्ध करून दिला, तर अमेरिकेतल्या रोग्यांना गुण यायचा आणि मुंबईच्या बायकांना यायचा नाही. याचा अर्थ हे दोन आजार वेगळे होते. मुंबईच्या बायकांना जे हवं होतं ते साध्या अर्कात होतं, आणि शुद्ध करताना ते निघून जात होतं.

कलेजी महाग, आणि कितीतरी घरांत ती चालतच नाही. मग विल्स यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला. पावाचं पीठ ज्यानं फुगतं ते हे यीस्ट. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून विलायतेत मार्माइट नावाचा काळा, खारट, घट्ट पदार्थ करत आणि लोक तो पावाला लावून खात. मांस नाही, स्वस्त, आणि बाजारात मिळणारा. तो दिल्यावर मरणाच्या दारात असलेल्या बायकांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. त्यांना भूक लागली, त्या उठून बसल्या. १९३१ साली विल्स यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते अजून कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

पुढची दहा वर्षं त्या द्रव्याचा शोध चालू राहिला. १९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी ४ टन पालक उकळून, गाळून, आटवून त्यातून हे द्रव्य चिमूटभर वेगळं काढलं. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात. पानातून मिळालं म्हणून नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. ते कारखान्यात तयार करायची रीत १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत सापडली. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईत सुरू झालेली गोष्ट एका भारतीय माणसाच्या देखरेखीखाली गोळीपर्यंत येऊन पोचली.

मग त्या पेशी मोठ्या का दिसत होत्या? तांबडी पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होते आणि साधारण १२० दिवस जगते. जुन्या जातात म्हणून आपलं अंग दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार करतं. एका पेशीच्या दोन होताना फॉलिक अ‍ॅसिड लागतं. ते नसलं तर पेशी वाढते, फुगते, पण दोन होत नाही. म्हणून मोठ्या आणि थोड्या. बाई गरोदर असते तेव्हा तिचं रक्तही वाढायचं असतं आणि पोटात बाळही एका पेशीपासून वाढत असतं. फॉलिक अ‍ॅसिडची मागणी दोन्हीकडून येते. लोखंड म्हणजे माल धरणारा हात, आणि फॉलिक अ‍ॅसिडमुळं माल नेणाऱ्या गाड्या तयार होतात. दोन्हींतलं एक कमी पडलं तरी ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून एकाच गोळीत दोन्ही असतात. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं.

१९९१ साली सात देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीतून आणखी एक गोष्ट पक्की झाली. आधीचं बाळ मणक्याच्या व्यंगाचं झालेल्या आयांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर पुढच्या बाळाला ते व्यंग होण्याचा धोका जवळपास तीन चतुर्थांशानं कमी झाला. बाळाचा मणका आणि मेंदू पहिल्या महिन्यातच आकार घेतात. तेव्हा कित्येकींना आपल्याला दिवस गेलेत हेही ठाऊक नसतं. म्हणून मूल हवं असं ठरवलं की तेव्हापासूनच डॉक्टरांना किंवा एएनएमताईंना विचारून ही गोळी सुरू करायची.

आपल्या देशात सरकारनं लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वाटायची योजना १९७० साली सुरू केली. २०१८ पासून ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ ही मोहीम चालू आहे. आणि तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. औषध सापडून पाऊण शतक उलटलं आणि अजून ही स्थिती. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी बाई, लवकर झालेलं लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, पोटातले जंत, आणि फळीवर तशीच राहिलेली गोळ्यांची पाकिटं, ही सगळी त्यामागची कारणं आहेत.

गोळी टाळण्याची कारणंही असतात. मळमळतं, पोट दुखतं, शौचाला काळं होतं. काळं होणं हे न जिरलेल्या लोखंडामुळं, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर गोळी घ्या. चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा मोसंबी सोबत असली तर जास्त लागतं, आणि मोसंबी तर आपल्या जिल्ह्याचीच. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. एचबी ७ च्या खाली असेल तर गोळीवर विसंबून घरी बसू नका, दवाखाना गाठा. बाळंतपणात थोडं रक्त जातंच. ज्या बाईपाशी आधीच कमी आहे, तिला तेवढंही पेलत नाही.

फॉलिक अ‍ॅसिड ताटातही असतं. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत ते भरपूर आहे. पण ते पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं की नासतं. म्हणून भाजी आधी धुवायची आणि मग चिरायची, आणि उकडलेलं पाणी फेकून न देता वरणात घालायचं.

मुंबईच्या त्या बायकांची नावं आपल्याला मिळत नाहीत. संशोधनाच्या निबंधात रुग्णाचं नाव छापायची रीत नसते. त्यांनी बोटातून, दंडातून रक्त दिलं आणि आपण काय खातो ते सांगितलं. आजार कशानं होतो हे कळायला रक्ताच्या तपासणीइतकाच तो प्रश्न उपयोगी पडला: बाई, तुझ्या ताटात काय असतं? त्यांच्या उत्तरांमुळं जगभरातल्या आयांना औषध मिळालं.

आपल्या बचत गटाच्या बैठकीत आपण प्रत्येकीची बचत किती, कर्ज किती, हे वहीत लिहितो. त्याच वहीत एक रकाना वाढवा. प्रत्येकीचं एचबी किती, आणि शेवटचं कधी तपासलं. कुणाचा आकडा १२ च्या आत असेल, किंवा गरोदर असून ११ च्या आत असेल, तर तिला एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी मिळून उपकेंद्रात जा. आणि घरी सून, लेक, जाऊ, जी कुणी थकली आहे असं दिसेल, तिला आज एवढंच विचारा: तू जेवलीस का, आणि काय जेवलीस?